पांढऱ्या रानाचा प्रश्न घेऊन विद्यापीठात: आंतरविद्याशाखीय विज्ञान कसं शिकावं

दूधगंगेच्या काठाला, निपाणी तालुक्यात, आमचं अडीच एकर रान आहे. मी आठवीत असताना त्याचा खालचा तुकडा पांढरा पडायला लागला. सकाळी लवकर गेलं की वरंब्यावर पिठासारखा थर दिसायचा. बोटावर घेऊन जिभेला लावला तर खारट, जरासा कडवट. आप्पा बांधावर उभे राहून म्हणायचे, "पाणी तर कमी न्हाई. खरं ऊस का वाळायलाय?" कुणीतरी जिप्सम सांगितलं. दोन वर्षं गोण्या आणून टाकल्या, पैसे गेले, थर तसाच.

आज मी उपग्रहाची चित्रं आणि मातीचे नमुने यांची सांगड घालून क्षारपड जमिनींचे नकाशे करते. दर उन्हाळ्यात पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचा, निकाल लागला की गावाकडून फोन येतात: पोरगी हुशार आहे, सायन्स आवडतं, खरं डॉक्टर नको म्हणते, इंजिनिअरिंगही नको म्हणते, मग काय करायचं? फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे आंतरविद्याशाखीय विज्ञान म्हणजे काय ते आमच्या रानावरच बघू. काळी चिकण जमीन, पाणी भरपूर, निचरा नाही. त्यामुळे जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आली. समईची वात जशी तेल वर ओढते, तशी काळ्या मातीची बारीक छिद्रं ते पाणी वर ओढतात. वर उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ही झाली भौतिकी. क्षार कुठले, त्यात सोडियम किती, कॅल्शियम किती, हे रसायनशास्त्र. मातीत ओल असूनही मूळ तहानलेलं का, हे जीवविज्ञान: बाहेरचं पाणी जितकं खारट, तितकं ते परासरणाने मुळात येणं अवघड. आणि हा पट्टा नेमका कुठून कुठपर्यंत आहे, दर वर्षी किती सरकतोय, हे सांगायला नकाशा आणि संख्याशास्त्र.

जिप्सम का फुकट गेलं, हे मला एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेलं सोडियम वाहून जायला वाट लागते. आमच्या रानाला चरच नव्हता. शिवाय जमीन खारवट आहे की चोपण, हे कुणी तपासलंच नव्हतं. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट. विनिमयी सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या पुढे गेला की चोपण. खारवटीला निचरा आणि गोडं पाणी लागतं, चोपणाला जिप्सम आणि निचरा. दुकानदाराला रसायन थोडं माहीत होतं, आप्पांना पाणी माहीत होतं, दोघांना जोडणारं कुणी नव्हतं. त्या जोडणाऱ्या माणसाचं शिक्षण म्हणजे हा विषय.

एक धोका मात्र सुरुवातीलाच सांगते. चार विषय थोडे थोडे चाखले म्हणजे हे शिक्षण झालं, असं नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. एक विषय असा हवा की त्यात तुम्हाला रात्री उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. दुसरा असा की त्या विषयाच्या माणसाशी तासभर कामाचं बोलता आलं पाहिजे. माझा पहिला रसायन, दुसरा संख्याशास्त्र.

आपल्या सीमाभागातल्या मुलांना याची सवय खरं तर लहानपणापासून असते. घरात मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी. पीयूसीला आमचे भौतिकीचे सर तास संपताना विचारायचे, "एनादरू अनुमान इदेया?" मी पहिल्याच आठवड्यात उभी राहिले आणि त्या दिवशीच्या प्रयोगावरून मी काढलेलं अनुमान सांगायला लागले. सर शांतपणे ऐकत राहिले. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे शंका, मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. शब्द तोच, अर्थ जवळजवळ उलटे. पुढे विज्ञानात हेच पावलोपावली भेटलं. 'मॉडेल' म्हटलं की भौतिकीवाल्याच्या डोळ्यांपुढे समीकरण येतं, जीवविज्ञानवाल्याच्या पुढे पिंजऱ्यातला उंदीर. 'कल्चर' म्हणजे प्रयोगशाळेत ताटलीत वाढवलेले जिवाणू, समाजशास्त्रात लोकांच्या रीतीभाती. मी एक वही केली होती, तीन रकाने पाडून: शब्द, या विषयात अर्थ, त्या विषयात अर्थ. नंतर चौथा रकाना कन्नडचा काढला, कारण अथणी-चिक्कोडीकडच्या शेतकऱ्यांशी 'खारवट' म्हणून बोलून भागत नाही. ते 'सवळु-जवळु' म्हणतात, आणि त्यात 'सवळु' म्हणजे खारट आणि 'जवळु' म्हणजे पाणथळ, असा फरक त्यांनी आधीच केलेला असतो. ही वही आजही माझ्या टेबलावर आहे. तुम्हीही पहिल्या दिवसापासून करा.

पीयूसीत काय निवडायचं

चारही दारं उघडी ठेवायची असतील तर पीसीएमबी, म्हणजे भौतिकी, रसायन, गणित आणि जीवविज्ञान, घ्या. जीवविज्ञान सोडून कॉम्प्युटर घेतलं तरी चालतं असं म्हणतात. चालतं, पण मग जीवविज्ञान स्वतःहून वाचावं लागतं. गणित सोडणं मात्र महागात पडतं. पुढे कुठल्याही वाटेला गेलात तरी कलन, संभाव्यता आणि थोडं प्रोग्रामिंग लागणारच. कर्नाटकात पीयूसी सायन्सला एनसीईआरटीचीच पुस्तकं असतात, म्हणून देशभरच्या प्रवेश परीक्षांसाठी वेगळी पुस्तकं डोक्यावर घेऊ नका. आहेत तीच नीट करा, मागच्या प्रश्नांसकट.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने जड जातात. मलाही गेले. इंग्रजी येत नाही म्हणून विषय येत नाही, असं समजू नका. धडा आधी मराठीत स्वतःला समजावून सांगा, मग इंग्रजीत चार ओळी लिहा. उलट केलं की पाठांतर होतं, समजत काही नाही.

दारं कुठली

सर्वांत जवळचं दार बहुतेकांना माहीतच नाही. २०१६ साली सुरू झालेल्या आयआयटी धारवाडमध्ये 'इंटरडिसिप्लिनरी सायन्सेस' याच नावाचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. बेळगावहून दोन तासांचा रस्ता. प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून होतो, त्यामुळे जीवविज्ञान आवडणाऱ्या मुलांनाही भौतिकी-रसायन-गणिताची ती परीक्षा द्यावी लागते. शाखांच्या यादीत सगळ्यांची नजर कॉम्प्युटर सायन्सवर असते, हे नाव तिथे दिसलं की थांबून वाचा.

दुसरं दार आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारच्या संस्था. देशात सात आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेरहामपूर. पाच वर्षांचा बीएस-एमएस, सुरुवातीला सगळ्यांना भौतिकी, रसायन, जीवविज्ञान, गणित, मग हळूहळू स्वतःची दिशा. यासाठी आयएटी नावाची त्यांची स्वतःची परीक्षा असते: तीन तास, ६० प्रश्न, चार विषयांचे प्रत्येकी १५, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर एक वजा. आपल्याकडची मुलं सीईटीच्या सवयीने भराभर गोल काळे करत जातात, कारण केसीईटीत, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीत, चुकीला वजा नसतं. इथे तसं करू नका. चारांपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तरच हात लावा.

बंगळूरच्या आयआयएस्सीत (भारतीय विज्ञान संस्थेत) २०११ पासून चार वर्षांची बॅचलर ऑफ सायन्स (रिसर्च) पदवी आहे. विज्ञानाबरोबर थोडं अभियांत्रिकी आणि मानव्यविद्याही शिकवतात. भुवनेश्वरची नायसर ही राष्ट्रीय विज्ञान संस्था आणि मुंबईत कलिन्याचं अणुऊर्जा विभाग व मुंबई विद्यापीठाचं केंद्र, या दोन्हींसाठी नेस्ट ही एकच परीक्षा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. निपाणीच्या मुलांना तर कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. शेतीकडे ओढा असेल तर धारवाडचं कृषी विद्यापीठ विसरू नका, केसीईटीतून जाता येतं आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. माती, कीड, हवामान, अर्थशास्त्र असं सगळं एकत्र शिकवणारी कृषी पदवी, माझ्या मते, आपल्याकडची सर्वांत जुनी आंतरविद्याशाखीय पदवी आहे.

यांपैकी काहीच मिळालं नाही तर

मला मिळालं नव्हतं. मी बेळगावात साधी बी.एस्सी. केली. भौतिकी, रसायन, गणित. एका सल्ला केंद्रात मला सांगितलं गेलं की मुलीच्या जातीला आता बी.एड. सोडून वाट नाही. त्या दिवशी मी स्टँडवर बसून खूप रडले, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

कर्नाटकातल्या बी.एस्सी.ची जुनी रीत तीन विषय बरोबरीने शिकवण्याची. कॉम्बिनेशन म्हणतात ते हेच. लोक त्याला कमी समजतात, पण दोन विषयांच्या सीमेवर काम करायचं असेल तर हा पाया चांगला आहे. फक्त चौथा पाय आपण स्वतः जोडायचा. मी जोडला तो असा.

दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला वाहकता मापक हातात आला. सर मिठाचं द्रावण मोजायला सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे आमचं रान. त्या शनिवारी घरी जाऊन पाच ठिकाणची माती आणली, पिशवीवर जागेचं नाव घालून. सावलीत वाळवली, लाकडी बत्त्याने फोडली, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली. २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, काचेच्या कांडीने थांबून थांबून अर्धा तास ढवळणं, मग गाळ बसू द्यायचा आणि वरच्या पाण्यात मापक बुडवायचा. विहिरीजवळची माती आणि खालच्या तुकड्याची माती यांच्या आकड्यांत कितीतरी पटींचा फरक आला. प्रयोगशाळेतल्या दादांनी मला ते तीनदा करायला लावलं आणि प्रत्येक वेळी मापक धुवायला लावला. एकदा मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा धडा कुठल्याच पुस्तकापेक्षा त्यांनी पक्का शिकवला. तुमच्या गावातही असा प्रश्न असेल. खानापूरच्या जंगलात गोचिडांमुळे पसरणारा माकडताप, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीची वापरून टाकलेली वाळू, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतली धूळ. यातला कुठलाही एका विषयात मावत नाही.

मग नकाशा. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात, एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा. आमचं अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर, म्हणजे त्या चित्रात शंभर चौकोन. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा आमचं रान उघडलं तेव्हा खालच्या कोपऱ्यातले वीस-बावीस चौकोन वेगळे दिसले. पण नदीकाठची वाळू आणि नांगरून वाळलेलं रानही तसंच उजळ दिसत होतं. चित्रावर भागलं नाही; खुरपं घेऊन परत जावं लागलं. चित्र बघून जमिनीवर जाणं आणि जमिनीवरून येऊन चित्र पुन्हा बघणं, माझी आजची नोकरी मुळात एवढीच आहे.

प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र एनपीटीईएल आणि स्वयम या सरकारी ऑनलाइन वर्गांवर घरबसल्या शिकता येतं. दोन अभ्यासक्रम पूर्ण करा, पाच अर्धवट सोडू नका. बी.एस्सी.नंतर आयआयटी आणि आयआयएस्सीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा. त्यात सात विषयांचे पेपर असतात आणि दोन देता येतात, म्हणजे भौतिकीसोबत गणितही देऊन बघता येतं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा. कर्नाटकात २०२१ साली चार वर्षांची पदवी आली होती आणि २०२४ पासून पुन्हा तीन वर्षांची झाली, तेव्हा दुसऱ्या राज्यात एम.एस्सी.ला जाताना तुमची पदवी किती वर्षांची धरतात ते माहितीपत्रकात आधी बघा.

पदवीच्या नावाचा फास

हे कुणी सांगत नाही. 'आंतरविद्याशाखीय विज्ञान' असं पदवीवर लिहिलेलं असेल आणि नोकरीच्या जाहिरातीत 'रसायनशास्त्रात एम.एस्सी.' लिहिलेलं असेल, तर खिडकीवरचा माणूस अर्ज बाजूला ठेवतो. पीयू कॉलेजच्या लेक्चररसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीच्या सीएसआयआर-नेट परीक्षेचे विषय पाचच: रसायन, जीवविज्ञान, गणित, भौतिकी आणि पृथ्वी-वातावरण-सागर विज्ञान. पाचांत तुमचं एक घर ठरलेलं हवं. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा: गुणपत्रिकेवर मुख्य विषयाचं नाव येतं का? त्या विषयाचे किती क्रेडिट होतात? ही कागदपत्रं आणि प्रत्येक सेमिस्टरचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये जपून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीला सहा वर्षांनंतर एका कार्यालयात अभ्यासक्रमाची प्रत दाखवावी लागली, आणि ती तिच्याकडे होती म्हणून काम झालं.

पुढे कामं कुठली

माझ्या क्षेत्राचं आधी सांगते. उपग्रहचित्रं वाचता येतात आणि मातीही कळते, अशी माणसं पीकविमा, साखर कारखाने, शेती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि सरकारी दूरसंवेदन केंद्रं यांना लागतात. बंगळूरला कर्नाटक राज्याचं दूरसंवेदन केंद्र आहे, हैदराबादला इस्रोचं राष्ट्रीय केंद्र. नुसतं सॉफ्टवेअर येणारे खूप मिळतात. पण उसाचं चित्र बघून ही २६५ जात आहे म्हणून अजून तगलेली दिसते, जमीन मात्र खराबच आहे, असं म्हणणारा क्वचित मिळतो, कारण २६५ ही जात क्षार सोसते हे त्याला बांधावर कळलेलं असतं.

संशोधनात जायचं तर पीएच.डी. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. बेळगावातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथे वनस्पती, रसायन, जीवविज्ञान आणि आकडेवारी एकाच छताखाली चालते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेची प्रादेशिक शाखाही बेळगावात आहे. भौतिकीत एम.एस्सी. करून रेडिओथेरपीच्या रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ होता येतं, त्यासाठी एक वेगळी पदविका लागते. विज्ञानाची पदवी असलेला माणूस पेटंट एजंटची परीक्षा देऊ शकतो, आणि लिहायची हौस असलेल्यांनी हे नक्की बघावं. भारतीय वनसेवेच्या पात्रतेत भौतिकी, रसायन, गणित, संख्याशास्त्रही आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२१ साली पर्यावरण, २०२२ साली जिओमॅटिक्स, २०२४ साली डेटा सायन्स असे नवे पेपर आले. वारं कुठे वाहतंय ते त्यावरून समजा.

आणि ज्यांना वाटतं की एकदा विषय बदलला की माणूस मागे पडतो, त्यांनी व्यंकी रामकृष्णन यांच्याकडे बघावं. १९७१ साली बडोद्यात भौतिकीची पदवी, १९७६ साली अमेरिकेत भौतिकीतच डॉक्टरेट, त्यानंतर जीवविज्ञान पुन्हा विद्यार्थी होऊन शिकले, आणि २००९ साली रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) रचनेसाठी नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं.

पैसे आणि दाखले

बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलात आणि मूलभूत विज्ञानाला गेलात तर इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. त्यातले ६०,००० हातात, बाकीचे उन्हाळी प्रकल्पासाठी. इंजिनिअरिंग, मेडिकलला ती मिळत नाही. गुण बघून अर्ज करायला कुणी सांगायला येत नाही, आपणच करायचा.

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या काही प्रवेश प्रक्रियांत वेगळी तरतूद असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लिहिलेली आहे का, ते आत्ताच बघा. चूक असेल तर शाळा उघडी असताना दुरुस्त करून घ्या, प्रवेशाच्या आठवड्यात ते होत नाही.

पहिला अर्ज

बी.एस्सी.ला असताना एक गोष्ट चुकवू नका. देशाच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झाली की उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. अर्ज हिवाळ्याच्या सुरुवातीला घेतात. एका शिक्षकांची शिफारस लागते, आणि तुम्हाला काय करायचं आहे ते थोडक्यात लिहावं लागतं. इथे बहुतेक मुलं इंटरनेटवरून मोठमोठे शब्द उचलतात. तसं करू नका. माझा मसुदा आमच्या रसायनाच्या मॅडमनी चार वेळा परत दिला. पहिल्या तिन्हींत मी नॅनो, सस्टेनेबल, असलं काहीतरी लिहिलं होतं. चौथ्यांदा म्हणाल्या, "अगं, तू जी माती घेऊन येतेस ना पिशवीतून, तिचं लिही." पाचव्या मसुद्याचं पहिलं वाक्य होतं: आमच्या रानात पाणी भरपूर आहे आणि तरी ऊस वाळतो.